दीड इंच आखूड

हलू नका हं डॉक्टर, टाचणी टोचेल — हात सरळ सोडा, हां, तस्सा. आखूडच आहे की बाही, दीड इंच आखूड, दिसतंय मला — म्हणाल, तीस वर्षं कोट शिवणाऱ्या बाईचं माप असं चुकतं कसं? म्हणा, मी ऐकून घेईन. तुमच्या हॉस्पिटलचे सगळे पांढरे कोट माझ्याकडेच येतात, चिठ्ठीवर नाव, विभाग, माप — कोट जातो, डॉक्टर कधी येत नाही. तुम्हीच पहिल्या. मीच केला होता फोन, ट्रायलला यावंच लागेल म्हणून. दुसरं कोण करणार, दुकानात आम्ही दोघंच नवराबायको — मी शिवते, हे काजं करतात, बटणं लावतात. म्हणजे लावायचे. आता सुई धरवत नाही त्यांना.

नाही नाही, पाचच मिनिटं, दुसरी बाही बघते ना. तुम्ही मेडिसिनच्या ना? तुमचं नाव मला चिठ्ठीच्या आधीपासून पाठ आहे. कसं म्हणून काय विचारता — दीड महिना झाला हे आजारी आहेत. कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, हे माझ्या हातातलं नाही, मोठ्या हॉस्पिटलात मेडिसिनवाल्यांना दाखवा. बरं म्हटलं. आमच्याकडे सरकारी विम्याचं कार्ड आहे, दरवर्षी रांगेत उभी राहून नवं करून घेते. विमा कचेरीतून कार्ड घेणाऱ्या डॉक्टरांची यादी आणली. अकरा नावं! मला वाटलं, काय चंगळ आहे. पहिला फोन लावला — ते डॉक्टर दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झालेले. दुसरा नंबर निघाला टायरच्या दुकानाचा, तो बाबा म्हणतो, बाई, रोज चार पेशंट फोन करतात मला, आता मीच नाडी बघायला शिकतो. हसले हो मी, चांगली खळखळून हसले — आणि मग तिथेच दुकानाच्या पायरीवर बसून रडले. पुढच्या चौघांनी कार्ड घेणं बंद केलेलं. एक बाई फक्त सांधे बघतात. दोन नंबर नुसतेच वाजत राहायचे. एका ठिकाणी मिळाली वेळ, यांना घेऊन गेले, दोन जिने, चार पायऱ्या चढायच्या की थांबायचं — आणि खिडकीत कार्ड ठेवलं तर आतली मुलगी म्हणते, कार्डवाल्यांना महिन्याचा पहिला बुधवार. तो आदल्याच दिवशी होऊन गेलेला. पुन्हा तेच दोन जिने उतरलो.

उरलं एक नाव. तुमचं. सतरा वेळा फोन केला. तुमच्या त्या असिस्टंट, आवाज कसा साखरेसारखा, पण प्रत्येक वेळी वाटाण्याच्या अक्षता — कार्डवर फक्त जुने पेशंट, नवे घेत नाही. मी म्हटलं, अहो, जुना व्हायला माणसाला आधी नवा व्हावं लागेल ना? ठेवला फोन. त्यांचा तरी काय दोष — नाही, राग येतो मला त्यांचा, कशाला खोटं बोलू, भयंकर राग येतो.

आणि सोमवारी कोटांच्या चिठ्ठ्या आल्या, त्यात ही तुमची. किती तरी वेळ हातात धरून बसले होते. मग कापड पसरलं, खडूने खूण केली, बरोबर मापावर केली हो, आणि कात्री दीड इंच अलीकडून चालवली. झालं, बोलून बसले. माप चुकलं नव्हतं. कापड मुद्दाम नासवायची वेळ आजवर आली नव्हती माझ्यावर. नव्या बाह्या कापून तयार आहेत, कोट उद्या पोचता करते — अंगातला काढू नका! टाचण्या आहेत, लागेल तुम्हाला. जाऊ नका, पाया पडते तुमच्या.

ते इथेच आहेत. त्या पडद्यामागे. सकाळपासून खुर्चीवर बसलेत, मांडीवर फाइल. मी सांगितलंय, नंबर लागलाय, डॉक्टर स्वतः येणार आहेत. खरं वाटलं त्यांना. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. आता ऐकलंच असेल सगळं. — अहो, या बाहेर. सावकाश. भिंत धरा. माझ्यावर नंतर चिडा.

बसा या स्टुलावर. तुम्ही बोलू नका, धाप लागते तुम्हाला, मी सांगते. झोप? लागते की. म्हणजे बसून लागते. आडवं झालं की गुदमरतात, म्हणून आठ दिवस झाले, कापायच्या टेबलावर डोकं टेकून झोपतात. लघवी कमीच होते. पाय — बघा, चप्पल चढत नाही, पट्टे उसवून दिलेत मी. बोट दाबलं की खळगा पडतो, आणि राहतोच तसा, हो, हाच. मला वाटलं बसून बसून सूज आली.

असं का बघताय? मला फक्त नंबर द्या, बाकी काही मागत नाही. पुढच्या आठवड्यातला चालेल, त्याच्या पुढचाही चालेल, आम्ही थांबू. फोन कुणाला लावताय? पोलिसांना? कोट भरून देते ना मी, नवा शिवून — गाडी? कसली गाडी? आत्ता? अहो पण कार्ड… इमर्जन्सीला अडवत नाहीत? कार्ड असो नसो, दारात नेलं की आत घेतात? कुणालाही? मग मी दीड महिना — दीड महिना मी यांना घरात बसवून नंबर लावत होते? नुसतं रिक्षात घालून तुमच्या दारात आणलं असतं तरी — कुणीच कसं सांगितलं नाही मला? एकानेही? सतरा वेळा फोन केला मी, डॉक्टर, सतरा वेळा —

काय? हो. ऐका तुम्ही त्यांची छाती. बोलत नाही मी.