पांढुर्ण्याचा नंबर

—नाही न श्रावणभाऊ, वायर नका बदलू. तुमच्या पहिले आला तो लाइनमन तेच करून गेला, फोनचा डबाही नवा ठेवून गेला. नागपूर लागते, छिंदवाडा लागते, संत्र्याच्या व्यापाऱ्यायची घंटी तर दिवसभर वाजून राहिली — आमच्या मालकायले धड जेवू देत नाही. पांढुर्णाच तेवढं लागत नाही. माह्या वामनचा नंबर. म्हणजे त्याच्या सासूचा, चंद्रकलाबाईचा — फोन तिच्या घरी, पोरगाही तिच्याच घरी. नोकरी तिथं लागली न. खोली भेटेपर्यंत राहतो म्हणे — दिवाळी गेली, होळी गेली, खोली काही भेटत नाही!

जुनं एक्सचेंज होतं तवा बरं होतं. बाई, पांढुर्णा दे, म्हटलं की ऑपरेटरीण देत होती. हे आपोआपवालं मशीन बसलं अन् पांढुर्णा बंद. मशीनच बिघडलं म्हणता? मशीनले कायले दोष देता? ती बाई रिसीव्हर काढून ठेवते, मी सांगते तुमाले! जावई जेवाले बसला की फोन कायले पाहिजे? मागं आला तर म्हणे, भाजी तिखट झाली. माही भाजी! जल्मभर खाल्ली, तवा नाही लागली तिखट. अन् अंगात स्वेटर, सासूनं विणलेलं. माह्यावालं इथं पेटीत पडून आहे. जळते? मी कायले जळू? मी माय आहे त्याची.

काय म्हणता? तिकडचा नंबरच बदलला? नंबराच्या समोर दोनचा आकडा लावा लागते? अन् आपला — आपला तर तोच आहे न? मंग तो तिकडून लावू शकत होता... हं.

लावा बरं. तुमीच लावा. वाजून राहिली? द्या इकडं — उचलला! वामनच आहे! "तू बस माय, मी पाहतो" म्हणे — हो रे बापा, मीच आहे, कसा आहेस? जेवला का?

सासूले म्हटलं त्यानं. माय, तिले.

अन् मले इचारून राहिला — कोण बोलते?

...राँग नंबर आहे, बापू.

नाही, खरखर नाही काही. साफ आहे लाइन. उचला तुमची पिशवी, श्रावणभाऊ. जा म्हणते न!