अर्धा पूल, अर्धी दाढी

...नाही, तुम्हीच सांगा, यात माझी काय चूक? जो तो येतो आणि मलाच विचारतो, 'काय हो, निवडून आलेल्या माणसाची भर बाजारात अब्रू काढलीत म्हणे?' अहो, मी कशाला कोणाची अब्रू काढू? मी केस काढतो! दोन खुर्च्या, एक बाक, एक आरसा, तोही कोपऱ्यात तडकलेला, एवढा माझा संसार! मी आपला दाढी करणारा माणूस! केलं ते सगळं आमच्या सासूबाईंनी, आणि नाव कोणाचं झालं? माझं!

तुम्हाला सांगतो, सासूबाई म्हणजे उंचीला एवढ्याशा, पण आवाज... बापरे! आवाजाला कारण आहे. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या मावशी, राहतात नाल्यापलीकडे. एकट्याच. जुना पूल धोक्याचा म्हणून पाडला, नवा बांधला नाही, वळसा घालून जायचं तर दोनदा बस बदला, मग काय, दोघी बहिणी रोज संध्याकाळी आपापल्या काठावर उभ्या राहून गप्पा मारायच्या. 'ताईऽऽ, गुडघा कसा आहेऽऽ?' 'कुठलाऽऽ? डावा की उजवाऽऽ?' दोन्ही वस्त्यांना यांचे चारही गुडघे तोंडपाठ!

आता नगरसेवक. त्यांना लोक लगेचराव म्हणतात, कारण काहीही सांगा, उत्तर एकच, 'होऊन जाईल, लगेच!' मागच्या निवडणुकीला मतं मागायला आमच्या घरी आले, चहा प्याले, सासूबाईंचा हात हातात घेतला, डोळ्यांत पाणी आणलं, 'आई, तुम्हाला बहिणीच्या दारापर्यंत चालत नेणार. माझा शब्द!' बरं, निवडून आल्यावर काहीच केलं नाही, असंही नाही हं. खोटं कशाला बोलू? नाल्यात खांब उभे केले. वर काही नाही. नुसते खांब! त्यांच्यावर बगळे बसतात. मतं आम्ही दिली, सोय बगळ्यांची झाली!

आणि मग एकदा पलीकडून मावशींचा आवाजच आला नाही. सासूबाई हाका मारतायत, मारतायत... फोनही कोणी उचलेना. तर तुम्हाला सांगतो, नाल्यावरून पाण्याचा मोठा पाइप गेलाय ना, त्याच्यावर त्या घोड्यावर बसावं तशा बसल्या आणि सरकत सरकत निघाल्या! या वयात! खाली काळं पाणी, मी काठावरून 'आई, मागं फिरा!' म्हणून ओरडतोय, बायको माझा दंड धरून डोळे मिटून उभी... पोचल्या. मावशी तापाने फणफणलेल्या, ओठ फुटलेले, पाण्याचा घोट द्यायला घरात माणूस नाही. वाचल्या, नशीब! पण सासूबाई परत आल्या त्या गप्पच. ज्या बाईचा आवाज दोन वस्त्यांना पुरतो, ती गप्प! मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला काय कळणार, मी आपला दाढी करणारा माणूस!

आणि निवडणूक आली. लगेचराव माझ्या दुकानात! 'चकाचक कर रे, अर्ज भरायला जायचंय, फोटोवाले येणार आहेत.' बसवलं, कापड बांधलं, छान फेस केला, डावा गाल साफ केला, उजव्याला वस्तरा लावणार, एवढ्यात दारात सासूबाई! माझा डबा घेऊन आल्या होत्या हो, दुसरं काही नाही! आत पाहिलं, डबा बाकावर ठेवला.

'जावईबापू, वस्तरा खाली ठेवा.'

ठेवला. तुम्ही नसता ठेवला?

'अरे, आई! ओळखलंत का मला?'

'ओळखलं की. पूल कुठाय?'

'होऊन जाईल, लगेच!'

'अर्धा केलात ना?'

'म्हणजे काय! खांब उभे आहेत!'

'मग झालं तर. अर्ध्या पुलाला अर्धी दाढी. उठा.'

बाकावरच्या गिऱ्हाइकांनी हातातले पेपर खाली केले. लगेचराव आरशातून माझ्याकडे डोळे वटारून, 'तू करतोयस की नाही?' मी वस्तरा उचलला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी ठेवला. लगेचरावांनी पाहिलं, उचलला. सासूबाईंनी पाहिलं, ठेवला! अहो, इकडे पुढारी, तिकडे सासू, मी आपला दाढी करणारा माणूस, करू काय? आणि पुढारी निदान पुढच्या निवडणुकीत बदलता येतो. सासू?

तर लगेचराव तरातरा उठले, तसेच फेसासकट, आणि गेले समोरच्या दुकानात. समोरचा म्हणजे माझा वैरी हो! आमचं बोलणं नाही. म्हटलं, गेलं गिऱ्हाईक. पण त्याची लेक रोज त्याच पाइपवरून शाळेत जाते. त्याने लगेचरावांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, 'साहेब, आज दुकान बंद आहे.' खुर्चीत गिऱ्हाईक बसलेलं असताना! पुन्हा वर त्याच गिऱ्हाइकाला म्हणतो, 'मान जरा खाली घ्या.'

आले परत. रस्ताभर लोक जमलेले. लगेचरावांनी फोन काढला. 'आत्ता इंजिनिअरलाच विचारतो, म्हणजे तुमची खात्री पटेल.' सासूबाई म्हणाल्या, 'मोठ्याने लावा, मला कमी ऐकू येतं.' कमी? त्यांना? नाल्यापलीकडचं ऐकू येतं!

'काय हो, पुलाचं काम का अडलंय?' लगेचराव दरडावून.

तिकडून बिचारा इंजिनिअर, 'साहेब, तुम्हीच म्हणालात ना, आत्ताच पुरा केला तर पुढच्या निवडणुकीत आश्वासन कशाचं द्यायचं? राखून ठेवा म्हणून!'

...तुम्हाला सांगतो, बाकावरची गिऱ्हाइकं उठून उभीच राहिली. साफ केलेला गाल लालभडक, दुसऱ्यावर फेस वाळत चाललेला. मला वाटलं, आता सासूबाईंचा आवाज लागणार, आरशाचा दुसरा कोपराही जाणार. पण नाही. अगदी हळू बोलल्या.

'माझी बहीण घोटभर पाण्यासाठी तळमळत पडली होती. तेव्हाही पूल तुम्ही राखूनच ठेवला होता.'

कोणी हसलं नाही. मीही नाही. लगेचरावांनी मान खाली घातली, फोनवर म्हणाले, 'उद्या सकाळी माणसं लावा.' पहिल्यांदाच 'लगेच' म्हणाले नाहीत, म्हणून मला तर ते खरं वाटलं. मी वस्तऱ्याकडे हात नेला, तर सासूबाई, 'उद्या सकाळी माणसं आली, की मग तो गाल.'

तसेच गेले हो! गालाला रुमाल लावून अर्ज भरला, फोटोवाल्यांना सांगितलं, दाढ दुखतेय. पेपरात फोटो तस्साच! आणि सकाळी खरंच माणसं आली, सळया आल्या, मागून रुमाल धरून लगेचराव. केली मी उरलेली दाढी.

मतदानाच्या आधी पूल झाला! पहिल्या दिवशी दोघी बहिणी मधोमध भेटल्या. इतक्या जवळून काय बोलायचं ते दोघींनाही सुचेना, नुसत्या हात धरून उभ्या, मागे माणसं खोळंबलेली, पण एकाने 'सरका' म्हटलं नाही. माझी बायको रडली. मी? माझ्या डोळ्यात काहीतरी गेलं होतं.

आणि लगेचराव पुन्हा निवडून आले! 'पूल बांधणारा माणूस' म्हणून!

आता तुम्ही म्हणाल, सगळं गोड झालं, मग हा का कुरकुरतोय? अहो, सासूबाईंना चव लागली ना! 'जावईबापू, रस्त्यावरचे दिवे कोणाकडे असतात हो? बोलवा त्याला दाढीला. पलीकडचा नगरसेवक कुठे दाढी करतो, चौकशी करा.' समोरचा वैरी रोज येऊन त्यांना नमस्कार करून जातो. बातमी काय लपते? लोक म्हणतात, जनता जागी झाली. झाली असेल बुवा! मला आपलं एवढंच दिसतं, की गावातल्या एकूण एक पुढाऱ्याने दाढी वाढवलीय.