अंगणातला सागर

हसू नका रे, माझं डोकं लई फिरलंय. साखरपुडा झाल्यावर उदगीरहून होणारी बायको फोनवर म्हणाली, "माझ्यावर कायतरी लिहा की." मला कुठं येतंय? मी हदगावच्या माधवला धरलं. तो 'सागर' ह्या टोपणनावानं गझला लिहितो. त्यानं पाठवली तशी मी तिला फोनवर वाचून दाखवली. शेवटची ओळ होती, "ये जरा खिडकीत, सागर वाट पाहे अंगणी."

फोन होता स्पीकरवर. सासऱ्यांचा आवाज आला, "आमच्या अंगणात हा सागर कोण हो?"

मी तडक हदगाव गाठलं. "माझ्या प्रेमात तुझं नाव कशाला घातलंस रे?"

हा निवांत चहा पिऊन राहिला. "शेवटच्या शेरात शायराचं नाव येतंच. गझलेचा कायदा हाय."

"कायदा गेला खड्ड्यात! तिथं विलास घाल."

"विलास वजनात बसत न्हाई. वृत्त मोडतं."

"आन् माझं लगीन मोडलं तर?"

त्यानं कप खाली ठेवला. "मग विरहाची लिहून देतो. ती मला जास्त जमती."