दुसऱ्या एन्झाइमची शेपटी

संशोधिका: माझ्या तपासणीयंत्रात तुमचे नमुने कुणाला विचारून घातलेत, काका?

काका: विचारलं असतं तर घालू दिलं असतंत? सोमवारपासून येऊ नका, असं पत्र हातात पडलंय माझ्या.

संशोधिका: फ्लास्क नीट धुतले असतेत तर पडलं नसतं. साबण राहिला, औषध बनवणारे जंतू बिघडले, औषध अर्ध्यावर अडलं. आठ महिने गेले माझे.

काका: हेच लिहून दिलंत साहेबांना. एकवीस वर्षं इथल्या काचा धुतोय. आजवर कुणाला साबण दिसला नाही, तुम्हाला दिसला.

संशोधिका: मुद्द्याचं बोला.

काका: हा घ्या मुद्दा. त्याच टोपलीतले फ्लास्क, माझ्याच हातचे धुतलेले. त्यात तुमचे नाही, जुने मूळचे जंतू वाढवले. यंत्राचा हा निकाल वाचा.

(संशोधिका कागद खिडकीपाशी नेते.)

संशोधिका: औषध पूर्ण झालंय.

काका: तुमच्या जंतूंत काय बदललं होतं, बाई?

संशोधिका: दुसऱ्या एन्झाइमची शेपटी कापली होती. एन्झाइमच्या चित्रात ती नुसता लोंबता धागा दिसते. बिनकामाची.

काका: पहिलं एन्झाइम औषधाची अर्धी साखळी बांधतं, ती दुसऱ्याच्या हवाली करतं, दुसरं पुढची बांधतं. नव्या पोरांना तुम्हीच शिकवता, मी मागे काचा पुसत ऐकतो.

संशोधिका: मला माझा विषय शिकवू नका.

काका: नाही शिकवत. हवाली करताना ती दोघं एकमेकांना धरतात कशानं, एवढंच विचारतोय.

(संशोधिका कागद पुन्हा वाचते.)

काका: सांगा की.

संशोधिका: शेपटीनंच धरत असणार. ती गेल्यावर दोघं एकाच जंतूत राहूनही भेटली नाहीत. म्हणून साखळी अर्धी.

काका: आणि दोष काचेला. नाचता येईना, अंगण वाकडं.

संशोधिका: टोमणे पुरेत. हे आपल्यातच राहू द्या. तुम्हाला परत घ्या, असं मी साहेबांना सांगते.

काका: कारण काय सांगाल? दया आली?

संशोधिका: पुढच्या महिन्यात माझी नेमणूक पक्की व्हायचीय, काका.

काका: माझी पक्कीच होती.

संशोधिका: बरं. खरं तेच सांगते. माझ्याबरोबर चला साहेबांकडे.

काका: तक्रार द्यायला एकट्याच गेला होतात.