नको म्हणजे अर्धा कप

ताई : दार उघड म्हणते ना! चर्चमध्ये अख्खी मंडळी येऊन बसलीय, लग्न लावायला आलेले पाहुणे पाळक जांभया देतायत, आणि नवरदेव झगे बदलायच्या खोलीत कडी लावून बसलाय. तोही साधासुधा नव्हे, या मंडळीचा पाळक!

पाळक : ओरडू नकोस, ताई. विचार करतोय मी.

ताई : पन्नाशी उलटेपर्यंत काय करत होतास मग?

पाळक : मी हो म्हटलंच नाही.

ताई : कशाला?

पाळक : लग्नाला! मघाशी कोटाची बटणं लावता लावता आठवलं. ऑर्गनवाल्या बाई ऑर्गनच्या पोटात शिरून हवेच्या भात्याला ठिगळ लावत होत्या. आतूनच त्यांनी विचारलं, 'माझ्याशी लग्न कराल का?' त्यावर मी काय म्हणालो?

ताई : मी होते की तिथे. म्हणालास, 'नको, उगाच तुम्हाला त्रास.'

पाळक : नको म्हणालो ना?

ताई : अरे, म्हणजे हो! म्हणून तर मी धावत जाऊन चार घरी सांगून आले. तू जन्मभर असंच हो म्हणत आलायस. वाढायला गेलं की नको. सदरा शिवायला माप घेऊ का, नको. तुझं नको ऐकत बसले असते तर उघडा आणि उपाशी मोठा झाला असतास.

पाळक : हाच तर मुद्दा आहे! गेल्या रविवारी मी उपदेशात काय सांगितलं?

ताई : देवाची कृपा अनिवार आहे. ती आली की माणसाला अडवता येत नाही, नाकारता येत नाही. छान बोललास. माझा डोळासुद्धा लागला नाही.

पाळक : आज ती माझ्यावरच उलटली. जे नाकारताच येत नाही, ते देणं म्हणायचं की जबरदस्ती? माझं 'नको' कुणाला ऐकूच जात नसेल, तर माझ्या 'हो'ला किंमत काय?

ताई : बुडणाऱ्याला काढताना कुणी विचारतं का, 'आपली काही हरकत?' केस धरायचे आणि ओढायचं.

पाळक : मला टक्कल आहे.

ताई : कान आहेत की! उघड दार, दाखवते.

पाळक : आणि बायबलातला तो धनाढ्य तरुण? प्रभूनं त्याला बोलावलं, तो तोंड पाडून निघून गेला. कुणी त्याच्या मागे धावलं नाही. म्हणजे नाही म्हणता येतं!

ताई : आणि तो दुसरा? ज्याला देवानं भर रस्त्यात घोड्यावरून खाली पाडलं?

पाळक : घोडा कुठे लिहिलेला नाही, ताई.

ताई : बरं, गाढवावरून. पाडला ना? 'पाडू का' म्हणून विचारलं होतं का त्याला?

पाळक : मी त्याच्यासारखा नाही. माझं बरं चाललं होतं.

ताई : डोंबलाचं बरं! ओट्यापाशी उभ्या उभ्या पातेल्यातूनच जेवणारा माणूस तू. खुंटीवरच्या छत्रीशी बोलायचास, मी ऐकलंय. आणि ती ऑर्गन बघायला येणार असली की सकाळपासून मोठमोठ्यानं गात सुटायचास. बेसूर.

पाळक : बेसूर नाही. त्यांनी कधी तसं म्हटलेलं नाही.

ताई : अजून 'त्या' आणि 'त्यांनी'! लग्न झाल्यावर तरी तिला 'अगं' म्हणशील, की त्यालाही मंडळीचा ठराव लागेल?

ऑर्गनवाली : बेसूरच गातात. पण मनापासून.

ताई : अगं बाई! तू कशाला आलीस इथे? नवरीनं असं हिंडायचं असतं का?

ऑर्गनवाली : माझ्या जागी जिला वाजवायला बसवलंय, तिला प्रवेशाचं एकच गीत येतं. तेच पुन्हा पुन्हा वाजवतेय. लोक आता टाळ्यांचा ठेका धरायला लागलेत. म्हटलं, बघावं काय अडलंय.

ताई : हा अडलाय. म्हणतो, मला कुणी विचारलंच नाही.

ऑर्गनवाली : विचारलं होतं. भात्यात डोकं होतं माझं, पण विचारलं होतं.

पाळक : आणि मी नको म्हणालो होतो.

ऑर्गनवाली : हो. तुम्ही चहालाही नको म्हणता, आणि मी अर्धा कप ओतते. तुमचं 'नको' मला 'अर्धा कप' असंच ऐकू येतं. कानाला सवयच लागलीय.

पाळक : बघ ताई! म्हणजे मला नकाराची सोयच ठेवलेली नाही.

ऑर्गनवाली : ठेवली होती की. एकदा मी तुमचं ऐकलं होतं. तुम्ही नको म्हणालात, आणि मी निमूटपणे थर्मासचं झाकण लावलं. आठवतं?

पाळक : ...आठवतं.

ताई : मग काय झालं?

ऑर्गनवाली : त्यांनाच विचारा.

पाळक : मी जरा वेळ बाकं सरळ केली.

ताई : वाकडी होती?

पाळक : सरळच होती.

ताई : मग?

पाळक : मग कप घेऊन त्यांच्यापाशी जाऊन उभा राहिलो.

ताई : अरे देवा! काही बोललास तरी?

ऑर्गनवाली : छे! नुसता कप पुढे. मी हसू दाबण्यासाठी पुन्हा भात्यात डोकं घातलं.

ताई : आणि हा मला कृपा शिकवतो!

ऑर्गनवाली : थांबा, ताई. अहो, दाराजवळ या आणि ऐका. कान धरून ओढत आणलेला नवरा मला नकोय. खरंच नको असेल तर सांगा. मी लोकांना सांगेन, केक खा आणि घरी जा. तुमच्यावर रागावणार नाही. म्हणजे रागावेन, रडेनही भरपूर, कारण तुम्ही मला फार आवडता. पण झाकण लावेन.

ताई : अगं, असं काय बोलतेस? खरंच नको म्हणेल तो!

ऑर्गनवाली : म्हणू द्या. ज्याला नाही म्हणता येत नाही तो माणूस कसला, ती ऑर्गनची पट्टी झाली. दाबली की वाजली. पट्ट्या माझ्याकडे आहेत तेवढ्या पुरे आहेत.

(आतून दाराशी येणारी पावलं. मग कडीचा खडखडाट. पुन्हा खडखडाट.)

ताई : आला! आला बाई एकदाचा!

पाळक : ताई...

ताई : आता काय?

पाळक : कडी निघत नाहीये.

ताई : म्हणजे?

पाळक : लावताना पटकन लागली. आता घट्ट बसलीय. मला बाहेर यायचंय, आणि येता येत नाहीये.

ताई : अगं आई गं! पोटात दुखायला लागलं माझ्या. आत स्वतःच्या मर्जीनं गेला, आणि बाहेर यायला मर्जी पुरेना!

पाळक : हसू नकोस, हे फार खोल आहे! नाकारायला माझा मी पुरेसा होतो, स्वीकारायला मात्र...

ताई : खोलीत कोंडला गेलायस म्हणून खोल वाटतंय. बाहेर आलास की उथळ होशील.

ऑर्गनवाली : ताई, माझी पर्स द्या. तिच्यात मोठा स्क्रूड्रायव्हर आहे.

ताई : स्वतःच्या लग्नाला स्क्रूड्रायव्हर?

ऑर्गनवाली : ऑर्गन ऐन वेळी दगा देतो, म्हणून आणला. नवराही अडकून बसेल, हे कुठे ठाऊक होतं? धरा हा फुलांचा गुच्छ. अहो, दार खाली झुकलंय, त्याचा भार कडीवर आलाय. मी फटीत हा स्क्रूड्रायव्हर घालून दार खालून उचलून धरते. भार गेला की कडी मोकळी होईल. पण ओढायची तुम्ही. ती काही मला इथून ओढता यायची नाही.

पाळक : आणि मी नाही ओढली तर?

ऑर्गनवाली : तर माझा हात दुखेल.

ताई : मी म्हणते, सरळ बिजागऱ्याच काढ! दारासकट येऊ दे बाहेर!

पाळक : बिजागऱ्या नको!

ताई : ऐकलंस? हे 'नको' खरं होतं. याची चवच वेगळी!

ऑर्गनवाली : तेच तर. कळतो हो फरक. उचललं... बघा आता.

पाळक : हलली! ताई, अगदी बोटानं हलतेय!

ताई : मग ओढ की! टाळ्या ऐकू येतायत का तुला? आता तर लोक नाचायला उठतील!

ऑर्गनवाली : घाई नका करू. अहो, अजूनही नको म्हणता येतं हं तुम्हाला.

पाळक : म्हणता येतं गं. म्हणवत नाही.