दारावरची पाटी

डायलिसिसच्या खोलीबाहेर बाकावर पाळीची वाट बघत बसलेल्या क्लॅरीला दारातलं सगळं ऐकू येत होतं.

"मेविस मावशी, आत या ना. मशीन तयार आहे."

"त्या पाटीखालून मी यायची नाही, सिस्टर."

"अहो, तुमच्या बहिणीचंच नाव आहे. मानानं लावलंय."

"गेलेल्या माणसाचं नाव आम्ही आदिवासी घेत नाही, असं समोर ठेवतही नाही. दर नव्या सिस्टरला पहिल्यापासून सांगायचं. थकले बाई मी."

"पण हे मशीन वस्तीत आणलं तिनंच ना?"

"तिनंच. आमच्याकडून चित्रं काढून घेतली, विकली, सरकारशी भांडली. आणि मशीन इथं पोचायच्या आतच डोळे मिटले, दूर अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या इस्पितळात, परक्या खाटेवर. घरी न्या, घरी न्या म्हणत."

"मावशी, पाय केवढे सुजलेत तुमचे! आज चुकवून चालणार नाही."

"मग ते झाक."

क्लॅरी उठला. त्यानं आपली रुंद काठाची टोपी काढून पाटीवर अडकवली.

"किती दिवस झाकून ठेवायचं, मावशी?" सिस्टरनं विचारलं.

"वस्तीतली म्हातारी माणसं सांगतील तोवर."

"आणि मशीन? तेही बंद ठेवायचं का?"

"चालू कर, पोरी. तिला त्याचीच तर घाई होती."