बेचाळीस इंचांचं दार

बेबी : अठ्ठावीस इंच. लिही.

वहिनी : लिहून काय करू? आधीच्या तीन दारांचे आकडे लिहिलेत ते कोण वाचणार आहे?

बेबी : लिही गं. उद्या गोंधळ नको. चौथं गाव, पाण्याच्या टाकीमागचं घर, दार अठ्ठावीस.

वहिनी : दार राहू दे बाजूला. घर कसं वाटलं ते सांग.

बेबी : घर छान होतं.

वहिनी : उजेड?

बेबी : भरपूर. सुईत दोरा ओवायला दिवा लागणार नाही इतका.

वहिनी : पाणी?

बेबी : चोवीस तास, असं मालक म्हणाला. थापा मारत असेल, पण बारा तास तरी येत असेल.

वहिनी : अख्ख्या गावात शिवणारं कुणी नाही, हेही तोच म्हणाला. मग घोडं अडलं कुठे?

बेबी : दारात. वहिनी, टेबल आठ फूट लांब, पाच फूट रुंद, तीन फूट उंच. कुठल्याही अंगावर आडवं केलंस तरी छत्तीस इंचांच्या खाली ते येत नाही. अठ्ठावीस इंचांतून कसं नेशील? घडी घालून?

वहिनी : पाय काढायचे.

बेबी : पाय निघत नाहीत. दादाने सांधे खाचा पाडून बसवून घेतलेत. सुताराला आठ दिवस दुकानात बसवून ठेवलं होतं, तेव्हा तुमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तुला माहीत आहे सगळं, उगीच मला बोलायला लावतेस.

वहिनी : मी नाही लावत. तू तीन दिवस आपण होऊनच बोलते आहेस. आता डावीकडे घे.

बेबी : हात उजवीकडे दाखवतेस आणि तोंडाने डावीकडे म्हणतेस. मी ऐकू काय आणि बघू काय?

वहिनी : ऐक. या वयात तेवढं तरी जमायला हवं.

बेबी : तू नीट सांगितलं असतंस तर दुसऱ्या गावी आपण त्या विटांच्या भट्टीत शिरलो नसतो.

वहिनी : दुसऱ्या गावाचं नाव काढू नकोस माझ्यासमोर. काय घर होतं ते. मागे मोकळी जागा, पुढे बाजार, मालक बोलायला गोड. आणि तू काय केलंस? त्या भल्या माणसाला विचारलंस, चौकट फोडली तर चालेल का. तो 'नमस्कार' म्हणायच्या आत.

बेबी : विचारायला काय जातं?

वहिनी : घर जातं, वन्सं.

बेबी : वन्सं म्हणालीस म्हणजे चिडलीस.

वहिनी : मी चिडले नाही. मी थकले. भाचीच्या घरी हॉलमध्ये गाद्या टाकून महिना झाला आपल्याला. परवा तिचे यजमान दारातच विचारत होते, सापडलं का काही? चपला काढायच्या आधी. गाडी तिची, पेट्रोल आपलं, आणि कंबर माझी. दुकान रस्तारुंदीत गेलं, त्याबरोबर आपणही जायला हवं होतं.

बेबी : तुझी कंबर तीस वर्षं दुखते आहे. रुंदीकरणाचा तिच्याशी काही संबंध नाही.

वहिनी : बरं, मला एक सांग. समज, टेबल नसतंच. तर चारांतलं कुठलं घर घेतलं असतंस?

बेबी : नसतं म्हणजे काय? आहे ना. सुताराच्या गोदामात आहे.

वहिनी : समज म्हटलं.

बेबी : असलं काही मी समजत नाही. माझे आजोबा शिवायचे जमिनीवर बसून, वडील शिवायचे जमिनीवर बसून, दोघांचे गुडघे गेले. दादाने टेबल केलं आणि आपण उभ्या राहिलो. चाळीस वर्षं मी त्याच्या खिडकीकडच्या बाजूला उभी राहून कापलं आणि तू भिंतीकडच्या बाजूला काजं केलीस. ते सोडून मी कुठेही राहायला जाणार नाही. आता पुढचं गाव किती लांब आहे?

वहिनी : तो ओटा दिसतोय आणि पाटी दिसतेय ना, तेच. गाडी हळू घे.

(पाचवं गाव. बंद पडलेल्या एका दवाखान्याच्या दारात.)

घरमालकीण : या, या. फोनवर बोललात त्या तुम्हीच ना? सावकाश चढा, पायऱ्या उंच आहेत. पाणी देऊ?

बेबी : पाणी नंतर. वहिनी, टेपचं टोक धर. वरच्या बाजूला नाही गं, मधोमध. सरळ. तुझं सरळ म्हणजे नेहमी तिरकं का असतं?

घरमालकीण : काय मोजताय?

वहिनी : दार. आधी दार, मग माणसं. आमच्याकडे अशी पद्धत आहे.

बेबी : वहिनी.

वहिनी : काय?

बेबी : बेचाळीस.

वहिनी : पुन्हा मोज.

बेबी : दोनदा मोजलं. बेचाळीस इंच. बाई, एवढं रुंद दार कुणी केलं हो?

घरमालकीण : इथे गुरांचे डॉक्टर होते ना भाड्याने. वीस वर्षं होते. त्यांना वासरू आत घ्यायला लागायचं, म्हणून माझ्या सासऱ्यांनी चौकट काढून दोन फळ्यांचं दार बसवलं. डॉक्टर गेले मुलाकडे, तेव्हापासून रिकामं आहे. पुढची खोली मोठी बघून सगळे म्हणतात, एवढीचं करायचं काय.

बेबी : आम्ही सांगतो काय करायचं. हे बघा, टेबल असं येईल, आडवं, खिडकीला समांतर. मी इथे. वहिनी, तू तिथे ये, उभी राहून दाखव त्यांना. मशीन त्या कोपऱ्यात. आणि माप द्यायला येणाऱ्यांसाठी बाक दाराशी.

घरमालकीण : म्हणजे शिवणकाम करणार का तुम्ही? बरं होईल हो. इथे शाळेचा गणवेश शिवायचा तरी माणसं एसटीने जातात. मागे दोन खोल्या आहेत, एक स्वयंपाकघर. दोघीच राहणार ना?

बेबी : दोघीच. बाई, आम्हाला पसंत आहे. किल्ली कधी देता?

वहिनी : थांब, थांब. स्वयंपाकघर नाही बघितलं आपण.

बेबी : त्यात काय बघायचं? भिंती असतील चार.

वहिनी : मोरी कुठल्या अंगाला आहे?

घरमालकीण : पश्चिमेला.

वहिनी : पश्चिमेला. बघ बेबी. आणि या पायऱ्या केवढ्या उंच आहेत.

बेबी : तीन पायऱ्या आहेत.

वहिनी : आज तीन आहेत. सत्तरीत किती वाटतील? आणि वासरांचा वास येतोय.

घरमालकीण : वासरं जाऊन चार वर्षं झाली हो.

वहिनी : मला येतोय. माझं नाक तसलंच आहे. आम्ही कळवतो तुम्हाला.

बेबी : काय कळवतो? वहिनी, तुला झालंय काय?

वहिनी : काही नाही. चल. गाडीत बस आधी.

घरमालकीण : मी आहे इथेच ओट्यावर. किल्ली घेऊन येते, तुम्ही काय ते ठरवा.

बेबी : बसले गाडीत. काच वर केली. बोल आता. तीन दिवस माझ्या नावाने खडे फोडलेस, दार-दार काय करतेस म्हणून. आता दार मिळालं, टेबल जातंय, तर तुला मोरी आठवली. मोरी. तुझ्या माहेरी मोरी कुठल्या दिशेला होती ते तरी तुला माहीत आहे का?

वहिनी : बेबी, टेबल नाहीये.

बेबी : काय?

वहिनी : टेबल नाहीये गोदामात. म्हणजे आहे. पण अख्खं नाही.

बेबी : नीट सांग.

वहिनी : तू डोळ्याच्या ऑपरेशनला दोन दिवस दवाखान्यात होतीस ना, तेव्हा सामान हलवायची माणसं आली. मशिनं नेली, कपाट नेलं, टेबल उचललं आणि दाराशी अडलं. आडवं केलं, उभं केलं, तिरकं केलं. शेवटी मी दार मोजलं. आपल्या दुकानाचं दार बत्तीस इंचांचं होतं.

बेबी : बत्तीस?

वहिनी : बत्तीस. ते टेबल आतच बनलं होतं, ते आत आलं कधी? आणि आपण दोघी जन्मभर लोकांची मापं घेत बसलो, पण त्या दाराला कधी टेप लावली नाही. दुसऱ्या दिवशी पालिकेचं यंत्र येणार होतं पाडायला. काय करायला हवं होतं मी?

बेबी : काय केलंस?

वहिनी : सुताराला बोलावलं. त्याने कापलं.

बेबी : कापलं.

वहिनी : लांबीत. मधोमध. तेवढं केल्यावर दोन्ही अर्धे बाहेर निघाले, जेमतेम.

बेबी : रेघ कुणी मारली?

वहिनी : मी. खडूने.

बेबी : तू? साध्या पट्ट्याची रेघ तुला कधी धड आलेली नाही.

वहिनी : म्हणूनच सांगते. खिडकीकडची बाजू अर्धा इंच जास्त आली आहे. तुझी.

बेबी : महिना झाला या गोष्टीला. आणि हे तीन दिवस तू माझ्याबरोबर टेपचं टोक धरून हिंडलीस. त्या विटांच्या भट्टीत गेलीस. त्या माणसाला चौकट फोडायचं विचारताना माझ्या शेजारी मुकाट्याने उभी होतीस.

वहिनी : होते.

बेबी : का पण? पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस तर मी काय खाल्लं असतं तुला?

वहिनी : खाल्लं नसतंस. निघून गेली असतीस.

बेबी : कुठे?

वहिनी : मला काय ठाऊक? तुझी ती नर्स मैत्रीण आहे, ती दर दिवाळीला, घरी दोन पलंग आहेत, ये राहायला, म्हणून सांगत असते. हे बघ, तुझा दादा होता तोवर तू त्याची बहीण आणि मी त्याची बायको. तो गेला. मग राहिलं दुकान, म्हणजे त्यात दोघी. मग दुकान गेलं. उरलं होतं ते टेबल. मी रोज म्हणायचे, बेबी आहे ती टेबलासाठी आहे. ते कापलं तर आता मी हिची कोण आणि ही माझी कोण? मी भीत होते, बस. कापताना भ्याले आणि मग सांगताना भ्याले. सुताराला म्हटलं, दोन्ही अर्ध्यांना दोन-दोन नवे पाय लाव. तुला वेगळं राहायचं झालं तर तुझी बाजू तुला नेता यावी म्हणून.

बेबी : वेगळं राहायचं.

वहिनी : झालं तर.

बेबी : दादा जाऊन दोन वर्षं झाली. दोन वर्षं तुझ्या रक्तदाबाची गोळी मी दिली की टेबलाने दिली? तू रात्रभर खोकत होतीस तेव्हा पाठीला शेक कुणी दिला, सुताराने?

वहिनी : तू दिलास.

बेबी : मग? मला लग्न करून जायचं असतं तर तेव्हाच गेले असते, तिशीत, दोन स्थळं चालून आली होती. आता एकसष्टाव्या वर्षी मैत्रिणीच्या पलंगावर जाऊन पडू? एवढी वर्षं एका टेबलाला समोरासमोर उभ्या राहून तुला माझं एवढंच कळलं?

वहिनी : तू टेबल टेबल करत होतीस म्हणून...

बेबी : करत होते कारण मला ते हवं होतं. अजूनही हवं आहे. आणि मला राग कशाचा आलाय ते ऐक. कापल्याचा नाही. बत्तीस इंचांपुढे माझंही काही चाललं नसतं. मला बोलावलं नाहीस त्याचा आला आहे. चाळीस वर्षं त्यावर मी कापलं, वहिनी. ते कापताना मी तिथे हवी होते.

वहिनी : डोळ्यावर पट्टी होती तुझ्या.

बेबी : पट्टी बांधून उभी राहिले असते. करवतीचा आवाज ऐकला असता. हात ठेवला असता एकदा.

वहिनी : चुकलं माझं.

बेबी : चुकलंच.

वहिनी : मी ठेवला होता हात. तुझ्या बाजूलाही ठेवला. सुतार म्हणाला, बाई, हात काढा, करवत लागेल.

बेबी : मला नको सांगूस. माझा राग जाईल आणि मला तो इतक्यात जायला नको आहे.

वहिनी : बरं.

बेबी : एक आठवडा मी तुझ्याशी बोलणार नाही.

वहिनी : बरं.

बेबी : गोळीची आठवण करीन सकाळ-संध्याकाळ. ते बोलण्यात धरायचं नाही.

वहिनी : नाही धरत.

बेबी : खोली मोठी आहे. एक अर्धा खिडकीला लावू, एक अर्धा भिंतीला. पाठीला पाठ करून काम करू, म्हणजे तुझं तोंड बघावं लागणार नाही.

वहिनी : आणि आठवडा संपल्यावर?

बेबी : ते आठवडा संपल्यावर बघू. ती बाई कधीची किल्ली घेऊन उन्हात उभी आहे. जा, सांग तिला, मोरी पश्चिमेलाच बरी म्हणून.

वहिनी : तू येत नाहीस?

बेबी : तू हो पुढे. मी गाडी झाडाखाली नीट लावून येते.